झाफीरची संत्री

आमच्या गोर्ना लिपा गावात एकच दुकान आहे. तिथं बसणाऱ्या स्तानिमिराला गावातल्या प्रत्येकाच्या पिशवीत काय आहे आणि ते का आहे, हे दोन्ही कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यामुळे क्षमेच्या रविवारच्या आदल्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी तिच्याकडे दोन किलो संत्री मागितली, तेव्हा ती तराजू सोडून बाहेरच आली.

"संत्री? झाफीरकाका, कुणाला हो?" ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा मोठं गावात उरलंय कोण? का स्मशानात जाऊन माफी मागताय?"

मी मागे उभी होते. मला हसू आलं, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. ईस्टरपर्यंतचा मोठा उपवास सुरू व्हायच्या आधीच्या त्या रविवारी लहानानं मोठ्याकडे जायचं असतं. सून सासूकडे जाते, धाकटा भाऊ थोरल्याकडे. हातात संत्री नाहीतर लिंबं असतात. मोठ्याच्या हाताचा मुका घ्यायचा आणि म्हणायचं, 'माफ कर.' मोठ्यानं म्हणायचं, 'माफ आहे. देवानंही करावं.' मग अक्रोडाचा हलवा खायचा. मोठा मात्र लहानाकडे कधी जात नाही. मोठ्यानं वर्षभरात काही केलेलंच नसतं असं नव्हे, पण ते शब्द त्याच्या तोंडी शोभत नाहीत. माझे सासरे शहात्तर वर्षांचे. त्या दिवशी त्यांनी शेगडीजवळच्या बाकावर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे हात करायचा आणि माफ करत राहायचं, एवढंच काम. मी शेजारी हलवा कापत बसते.

"हारितोनकडे नेतोय," सासरे म्हणाले.

स्तानिमिरा गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, ती दात काढून आली होती तेव्हा.

हारितोन म्हणजे सासऱ्यांचा धाकटा भाऊ. कोझाराच्या खिंडीपलीकडे ब्रेझे म्हणून गाव आहे, तिथल्या रुसालिनाशी त्यांनी लग्न केलं आणि तिच्याच घरी राहिले. घरजावई म्हणून आमच्या गावानं त्यांची चिक्कार टिंगल केली. पण दरवर्षी क्षमेच्या रविवारी खिंड ओलांडून ते भावाकडे यायचेच. यंदा अंगणातल्या बर्फावरून घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी घातलीय. आठवड्यापूर्वी त्यांचा फोन आला होता, "बाते, यंदा फोनवरच माफी मागतो रे." आमच्याकडे थोरल्या भावाला बाते म्हणतात.

"फोनवर नको," सासरे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "रादा, रविवारी गाडी काढशील?"

त्यांचे डोळे गेल्या वर्षीपासून धड नाहीत, म्हणून गाडी मी चालवते. नवरा, म्हणजे त्यांचा मुलगा व्हेलिन, जर्मनीत ट्रक चालवतो. नवीन वर्षाचे पाहुणे गेले की आमच्या चार खोल्यांच्या पाहुणेघरात मे महिन्यापर्यंत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. गाद्या भिंतीला उभ्या करून ठेवायच्या, नळातलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर गोठून नळ फुटतात, आणि मग उरतो तो वेळच वेळ. मी म्हटलं, "काढते की. पण तुम्ही का जायचं? मोठे तुम्ही."

"काम आहे," ते म्हणाले.

झाफीर कोण हे आमच्या बाजूच्या डोंगरात कुणाला सांगावं लागत नाही. सैन्यातून सुटले ते पेन्शनीत जाईपर्यंत त्यांनी एकच काम केलं, कोझाराच्या खिंडीतला बर्फ काढायचा. पुढं लोखंडी फाळ लावलेला ट्रक असतो, आम्ही त्याला नांगर म्हणतो. पहाटे नांगर घेऊन वर जायचं, रस्ता मोकळा करायचा, वाळू टाकायची, आणि वरच्या पत्र्याच्या खोलीतल्या फोनवरून दोन्ही गावांना सांगायचं, उघडा आहे की बंद. ब्रेझ्याच्या तीन सुना नांगराच्या केबिनमध्ये बसून सासरी गेल्या आहेत, मागून वरातीची गाडी, त्यात ढोल आणि गायदा, म्हणजे कातडी पिशवीचा पावा, वाजतोय. पाद्री असो, गुरांचा डॉक्टर असो, बसचा ड्रायव्हर असो, निघायच्या आधी झाफीरला विचारणार. 'झाफीर म्हणाला' असं कुणी म्हटलं की वाद संपायचा. एकदा सोफियाहून आलेला कुणी बडा साहेब, गाडीला झेंडा वगैरे, मला आत्ताच्या आत्ता पलीकडे जायचंय म्हणून ओरडायला लागला. सासऱ्यांनी त्याला शेगडीजवळ बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "बंद आहे." साहेब संध्याकाळपर्यंत चहा पीत बसला. ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात, आणि सांगताना साहेबाच्या टोपीचा आकार दरवेळी थोडा वाढतो.

घरात मात्र हा माणूस म्हणजे अळीमिळी गुपचिळी. कौतुक करणार नाहीत, भांडणार नाहीत. रोज सकाळी खिडकीशी उभं राहून खिंडीकडे बघणार आणि कुणी न विचारता सांगणार, "वर ओलं आहे. दुपारपर्यंत ठीक." मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, माझ्याशी बोलताहेत. मी 'हो का?' म्हणायची. मग सासूबाईंनी सांगितलं, ते डोंगराशी बोलतात, तू भाजी चिर.

हारितोनकाका याच्या अगदी उलट. बोलघेवडे, हसरे, आणि एक सवय अशी की त्यावरून आम्ही त्यांना जन्मभर छळलं. ते कुठंही एक दिवस आधी पोचतात. माझ्या लग्नाला आदल्या दिवशी सकाळीच हजर. व्हेलिन जर्मनीला निघायचा होता तेव्हा ते निरोप द्यायला दोन दिवस आधी येऊन बसले. सासूबाईंच्या अंत्यविधीलासुद्धा ते माणूस जायच्या आधी आले होते, आजारी आहे एवढंच कळलं होतं तरी. "काका, तुमच्याकडचं कॅलेंडर पुढं आहे का?" असं मी दरवर्षी विचारायची आणि सगळे हसायचे. काकाही हसायचे. "पोरी, रस्त्याचा काय भरवसा," म्हणायचे.

आणि क्षमेच्या रविवारी इतर सगळे नुसतं 'माफ कर' म्हणतात, काका त्यापुढे एक वाक्य जोडायचे. भावाचा हात हातात घेऊन म्हणायचे, "माफ कर, बाते. आईला वेळेवर पोचलो नाही." त्यांची आई, साल्झाआजी, आमच्या घरीच गेली, मी या घरात यायच्या कितीतरी आधी. तेव्हा हिवाळा होता, खिंड बंद होती, काका पोचू शकले नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सासरे म्हणायचे, "माफ आहे. देवानंही करावं." मग उठून बाहेर जायचे आणि लाकडं फोडत बसायचे, लाकडं छपरापर्यंत रचलेली असली तरी.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. सासऱ्यांनी दाढी केली होती, लग्नातला कोट घातला होता, संत्र्यांची पिशवी मांडीवर.

पाहुण्यांच्या दिवसांत हा डोंगर नटूनथटून बसलेला असतो, फेब्रुवारीच्या शेवटाला तो घरच्या कपड्यात असतो. मला असाच बरा वाटतो, पण त्याचे फोटो कुणी काढणार नाही. रस्त्याकडेला जुना करडा बर्फ, त्यात उन्हाळ्यातल्या बाटल्या डोकं वर काढतायत. मध आणि डोंगरी चहा विकणाऱ्या बायकांच्या फळ्या उलट्या पडलेल्या. ओढ्याकाठच्या खानावळीत खुर्च्या टेबलांवर पालथ्या, 'ताजा मासा, थंड बिअर' लिहिलेली पाटी एका खिळ्यावर लटकतेय. जिथं शहरातली माणसं फोटोसाठी हात पसरून उभी राहतात त्या वळणावर दोन कुत्री झोपली होती, हॉर्न दिला तरी उठेनात. वर काळे पाइन, खाली दरीत एकेका घरातून धूर. आख्ख्या रस्त्यात आम्हाला एक ट्रॅक्टर भेटला.

"दुसरा गिअर," सासरे म्हणाले.

"घातलाय."

"या वळणावर सावली असते. इथं मार्चपर्यंत वितळत नाही."

"तात्को, गाडी मी चालवतेय ना? मग संत्री सांभाळा." सासऱ्यांना आम्ही तात्को म्हणतो.

माथ्यावर ती पत्र्याची खोली अजून आहे, आता तिला कुलूप असतं. तिथं आलो तसं ते म्हणाले, "थांब जरा."

मला वाटलं, लघवीला. पण ते गाडीतच बसून राहिले, खोलीकडे बघत. दोन्ही हातांनी पिशवी धरलेली.

"आई गेली तेव्हा रस्ता उघडा होता," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कुठला रस्ता?"

"हाच. हारितोननं इथं फोन केला होता, गुरुवारी. 'बाते, आईचं बरं नाही कळलं, रस्ता कसा आहे, उद्या सकाळी निघतो.' मी म्हणालो, बंद आहे. रविवारी ये. रस्ता सकाळी मीच साफ केला होता. वाळूसुद्धा टाकली होती. आणि आई शुक्रवारी गेली."

मी इंजिन बंद केलं. वाऱ्यानं पत्रा वाजत होता.

"का?" मी विचारलं.

ते एकदम बोलायला लागले, आणि एवढं बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. "दोन हिवाळे ती अंथरुणावर होती. तुझी सासू दाफीना तिला धुवायची, मी उचलायचो. कामावरून आलो की आधी तिच्या खोलीत जायचो. ती डोळे उघडायची आणि म्हणायची, हारितोन आला? रोज. मी म्हणायचो, नाही आई, मी झाफीर. ती म्हणायची, असं होय. आणि तोंड फिरवायची. जो सोडून बायकोच्या घरी गेला त्याचं नाव, आणि जो उचलतोय त्याला 'असं होय'. मला वाटलं, दोन-तीन दिवस. दोन-तीन दिवस तरी तिला त्याच्याशिवाय राहू दे, मलाच हाक मारू दे. ती जाईल असं मला वाटलं नव्हतं, रादा. रविवारपर्यंत ती काढेल असंच वाटलं होतं."

"मारली हाक?"

"नाही," ते म्हणाले.

मला त्यांची दया यायला हवी होती, पण मला आला राग. मला आठवत होते ते काका, आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दारात उभे, कोटाला इस्त्री, हातात केक, आणि मी आतून ओरडले होते, 'बघा हो, आले कॅलेंडरवाले!' रस्त्याचा काय भरवसा. अख्खी हयात तो माणूस एक दिवस आधी निघत राहिला, आणि आम्ही हसत राहिलो.

"आणि तुम्ही दरवर्षी त्यांना माफ करत होतात," मी म्हटलं.

"हो."

"त्यांनी काय केलं म्हणून?"

त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट पिळलं. मग म्हणाले, "वळव गाडी. त्याचं ऑपरेशन झालंय. आजारी माणसाला कशाला त्रास."

"ऑपरेशन कमरेचं झालंय, कानांचं नाही," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली. उतारावर त्यांनी एकदाही गिअर सांगितला नाही.

ब्रेझ्यात हारितोनकाका दारातच उभे होते, चालायची चौकट धरून. दाढी करताना हनुवटी कापलेली, त्यावर कागदाचा तुकडा चिकटवलेला, गळ्यात टाय. रुसालिनाकाकू मागून आल्या आणि माझा दंड धरून कुजबुजल्या, "चिडलेत का गं ते? हा रात्रभर झोपला नाही. 'फोनवर माफी मागतो म्हणालो ते चुकलं, बाते उठून इथं येतोय म्हणजे आता काही खरं नाही,' हेच चाललंय."

मी म्हटलं, "काकू, बसा तुम्ही." दुसरं काय म्हणणार?

आत टेबल मांडलेलं होतं. चीज भरलेल्या पापुद्र्यांची बानित्सा, उकडलेली अंडी, मध्यभागी हलवा. सासरे उंबऱ्यातून आत आले, पिशवी पुढं धरून. त्यांनी तोंड उघडलं. पण काका त्यांच्याही पुढं. त्यांनी चालायची चौकट सोडली, एका हातानं दार पकडलं, दुसऱ्या हातानं भावाचा हात ओढून घेतला. वाकता येत नव्हतं तरी वाकले. वेदनेनं त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"माफ कर, बाते. फोनवर म्हणालो तेही माफ कर. आणि आईला वेळेवर..."

"ते म्हणू नकोस," सासरे म्हणाले आणि त्यांनी हात काढून घेतला.

काकू घाबरल्या. त्यांनी छातीवर क्रूस काढला. त्या दिवशी मोठ्यानं हात काढून घेणं म्हणजे फार मोठी गोष्ट असते, त्यावरून आमच्याकडे घरं कायमची तुटली आहेत. "झाफीर," त्या म्हणाल्या, "सणाचा दिवस आहे. काय राग असेल तो माझ्यावर काढा, त्याला..."

"माझ्याकडे माफ करायला काही नाही, रुसालिना. रस्ता उघडा होता."

"कुठला रस्ता?" काकांनी विचारलं.

"आई गेली त्या आठवड्यातला. तू गुरुवारी फोन केलास तेव्हा. खिंड उघडी होती, हारितोन."

काका थोडे हसले. म्हातारं माणूस काहीतरी घोळ घालायला लागलं की आपण हसतो तसे. "नाही रे बाते, बंद होती. विसरलास तू. तूच नाही का सांगितलंस?"

"मीच सांगितलं," सासरे म्हणाले.

काकांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागचं सगळं निघून गेलं. काकूंनी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. आणि मग काकूच बोलल्या, खाली बघत, टेबलावरचा चुरा गोळा करत.

"ब्रेडची गाडी आली होती," त्या म्हणाल्या.

चुरा त्यांनी मुठीत धरून ठेवला.

"त्या गुरुवारी दुपारी. तुमच्या बाजूची गाडी. खिंडीतूनच येते ती. मी ब्रेड घेतला आणि घरी येऊन याला म्हटलं, रस्ता उघडा दिसतोय, तू नीघ. हा माझ्यावर ओरडला. म्हणाला, माझ्या भावाला खोटं पाडतेस? झाफीर बंद म्हणाला म्हणजे बंद. त्या रात्री माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आई गेल्याचा फोन आला. मग मी कसं बोलणार? तेव्हापासून मी गप्पच आहे."

काका भावाकडे बघत होते. "आईनं मला बोलावलं होतं?"

"हो."

"मग तू तिला काय सांगितलंस?"

"तेच. खिंड बंद आहे म्हणून."

"ती काय म्हणाली?"

सासऱ्यांनी पिशवी दाराजवळच्या बाकावर ठेवली. "म्हणाली, 'मग राहू दे. पोराला बर्फात बाहेर काढू नका.'"

काकांनी डोळे मिटून घेतले. सासरे पुढं झाले, शहात्तर वर्षांचा माणूस, धाकट्या भावाच्या खुर्चीपुढं गुडघ्यावर बसायला लागले, टेबलाची कड धरून, एकेक गुडघा. "माफ कर, हारितोन," ते म्हणाले आणि त्यांनी काकांचा हात धरायला हात पुढं केला. काकांनी तो हात कोटाच्या खिशात घातला.

असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटत होतं, कुणीतरी काहीतरी बोला, काहीही बोला, बानित्सा गार होतेय असंसुद्धा चालेल.

काका बोलले, पण भावाशी नाही. मान वळवून काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, "रुसालिना, तू सांगत होतीस. मी तुझ्यावर ओरडलो. मला माफ कर."

नवऱ्यानं बायकोला असं म्हणायची रीत आमच्याकडे नाही. काकूंना कळेना काय करावं. "माफ आहे," त्या पुटपुटल्या, "देवानंही करावं," आणि तोंडाला ॲप्रन लावून स्वयंपाकघरात गेल्या. आत त्या कारण नसताना पातेली आपटत होत्या.

मी सासऱ्यांना धरून उभं केलं. काका खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "अंधार पडायच्या आत निघा."

त्या सणाला हलवा न खाता कुणाच्या घरातून बाहेर पडायची ही माझी पहिलीच वेळ. संत्री दाराजवळच्या त्या बाकावरच राहिली. गाडीत बसल्यावर सासरे म्हणाले, "पिशवी परत दिली नाही त्यांनी."

"मग बरंच आहे की."

"विसरले असतील," ते म्हणाले.

चढ सुरू झाला तसा बर्फ पडायला लागला, मोठमोठा, ओला. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. सकाळचा राग अजून होता, पण गुडघ्यावर बसलेला तो माणूसही डोळ्यापुढून हलत नव्हता, आणि या दोन्हीचं काय करावं हे मला समजत नव्हतं. समोरच्या डोंगरावर पोरं या सणाला संध्याकाळी पेटवतात त्या मोठ्या शेकोटीसाठी लाकडं रचत होती, ती बर्फात दिसेनाशी झाली. सासरे काचेला डोकं टेकून बसले होते.

"चुकलं का माझं, रादा?" त्यांनी विचारलं. "सांगायला नको होतं?"

"सांगायचं होतं ते त्याच रविवारी," मी म्हटलं. "आज सांगितलंत हे नशीब. आता मला विचारू नका."

माथ्यावर पोचत होतो तेव्हा त्यांचा फोन वाजला. म्हाताऱ्या माणसांसाठी असतो तसला फोन आहे, मोठ्या बटणांचा, पलीकडचं सगळं गाडीभर ऐकू येतं.

"बाते," हारितोनकाकांचा आवाज होता.

"हं."

मग काका म्हणाले, "रस्ता कसा आहे?"

सासऱ्यांनी मला हातानं थांब अशी खूण केली. गाडी थांबायच्या आधीच त्यांनी दार उघडलं. फोन सीटवर तसाच चालू. लग्नातल्या कोटात, टोपीशिवाय ते खाली उतरले, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात पुढं चालत गेले, बुटाच्या टाचेनं रस्ता उकरून बघितला. वाकले, हातानं चाचपला. आणखी पुढं वळणापर्यंत गेले. मला वाटलं काकांनी फोन ठेवला असेल, पण फोनमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. सासरे परत आले तेव्हा त्यांच्या केसांवर आणि भुवयांवर बर्फ होता.

"वर ओला बर्फ आहे," ते फोनमध्ये म्हणाले, "बोटभर. खाली मऊ आहे, घसरत नाही. वाळू टाकलेली नाही. रादा हळू चालवतेय, आम्ही उतरू. चढणाऱ्यानं मात्र आज निघू नये."

"उद्या?" काकांनी विचारलं.

"उद्या सकाळी बघून सांगतो."

"सांग," काका म्हणाले आणि फोन बंद झाला.

मी गिअर टाकला नाही. "माफ केलं म्हणायचं का हे?"

"नाही," सासरे म्हणाले. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, किंवा बर्फ. "रस्ता विचारला त्यानं. त्या दिवसापासून त्यानं मला कधी रस्ता विचारला नव्हता."

सोमवारी सकाळी ते खिडकीशी नव्हते. मी घाबरून बाहेर आले तर अंगणातून वरच्या रस्त्याकडे पावलं उमटलेली. खिडकीतून बघून त्यांचं समाधान झालं नव्हतं. काठी टेकत पहिल्या वळणापर्यंत चढून गेले होते, तिथून खिंड दिसते. खाली येऊन, बूट न काढता त्यांनी फोन लावला आणि जे होतं ते सांगितलं.

आता मार्च संपत आलाय. हारितोनकाका कुठंच जायचे नाहीत, घरातल्या घरात चौकट धरून फिरतात. तरी रोज सकाळी फोन येतो. बोलणं रस्त्यापुरतंच, त्यापुढं एक शब्द नाही, तब्येतसुद्धा कुणी कुणाची विचारत नाही. 'माफ आहे' हे शब्द अजून आलेले नाहीत, आणि सासरे त्यांची वाट बघतात की नाही हे मी विचारलेलं नाही. काल पहाटे भिजपाऊस होता. मी म्हटलं, "तात्को, आज खिडकीतूनच बघा ना, त्यांना काय कळणार आहे?" ते बुटाच्या नाड्या बांधत होते. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि काठी घेऊन वर गेले.